‘देणे’ आलं की प्रत्येक वेळी ‘गिव्ह’च? रोजच्या इंग्रजीबद्दल एक शंका

शिकवणी_दांडियाबाजार

नमस्कार. आम्ही वडोदऱ्यात मोठ्या माणसांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवतो. वर्गात मराठी घरांतल्या गृहिणी, दुकानात बसणारी मुलं आणि आयईएलटीएसची तयारी करणारे असे सगळे एकत्र असतात. काळ, एकवचन-अनेकवचन हे बऱ्यापैकी जमतं. पण मनात ‘देणे’ आलं की सगळे एकट्या ‘गिव्ह’वर भागवतात. वर्गात ऐकलेली ही वाक्यं पाहा:

‘गिव्ह टू मी द की.’
‘सजेस्ट मी अ गुड डॉक्टर.’
‘आय डोनेटेड माय ब्रदर फाइव्ह थाउजंड.’
‘प्लीज राइट अँड गिव्ह.’
‘आय हॅव गिव्हन माय फ्लॅट ऑन रेंट.’
‘माय सन इज गिव्हिंग एक्झॅम.’

यातलं साफ चूक काय, इथे चालतं पण बाहेर खटकतं असं काय, आणि मुख्य म्हणजे कारण काय? नुसती ‘हे म्हणू नका’ अशी यादी दिली तर आठवड्यात विसरली जाते. कारण कळलं तर पुढचं वाक्य त्यांना स्वतः दुरुस्त करता येईल.

---

व्याकरणवेडा_रावपुरा

ताई, पहिल्या तीन वाक्यांचं मूळ एकच आहे, म्हणून तेवढ्यांबद्दल लिहितो.

मराठीत ‘मला किल्ली दे’ म्हणा किंवा ‘किल्ली मला दे’ म्हणा, अर्थ बदलत नाही. घेणारा कोण हे ‘ला’ सांगतो, त्यामुळे शब्द कुठेही बसले तरी चालतात. इंग्रजीत हे काम जागा करते. माणूस आधी आला तर त्याच्यापुढे काहीच लागत नाही: ‘गिव्ह मी द की’. वस्तू आधी आली तर माणसापुढे ‘टू’ लागतो: ‘गिव्ह द की टू मी’. आपली माणसं माणूस आधी ठेवतात आणि ‘ला’च्या सवयीने ‘टू’ही लावतात. त्यातून ‘गिव्ह टू मी द की’ तयार होतं. वर्गात सांगायचं तर: माणूस आधी, तर ‘टू’ नको.

दोन बारकावे. वस्तूऐवजी ‘इट’ किंवा ‘देम’ असेल तर वस्तू आधीच घ्यावी: ‘गिव्ह इट टू मी’. ‘गिव्ह मी इट’ ब्रिटनमध्ये बोलताना ऐकू येतं, पण शिकणाऱ्याने पहिलं रूप धरावं. दुसरं, जो भाग लांब असेल तो शेवटी जातो. ‘गिव्ह द की टू द मॅन हू लिव्ज अपोझिट द टेंपल’ हे सहज कळतं. त्या लांबलचक माणसाला मध्ये घातलं आणि ‘द की’ शेवटी ठेवलं, तर ऐकणाऱ्याचा धागा तुटतो.

आता सजेस्ट आणि डोनेट. ‘माणूस आधी’ ही रचना सगळ्या क्रियापदांना मिळत नाही. गिव्ह, सेंड, शो, टेल, लेंड, सेल, टीच, पास, हँड ही छोटी, बहुतेक जुन्या इंग्रजी बोलीतली घरगुती क्रियापदं ती घेतात. लॅटिन-फ्रेंचमधून आलेली लांब क्रियापदं बहुधा घेत नाहीत: डोनेट, काँट्रिब्यूट, एक्स्प्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, अनाउन्स, रिटर्न. म्हणून ‘एक्स्प्लेन मी’ चूक आणि ‘एक्स्प्लेन इट टू मी’ बरोबर. ‘सजेस्ट अ गुड डॉक्टर’ एवढंच पुरतं, कारण कोणाला सुचवायचं ते समोर दिसतंच आहे. ‘रिटर्न मी माय मनी’ नको. ‘गिव्ह मी माय मनी बॅक’ म्हणावं. ऑफर, प्रॉमिस, ग्रँट आणि अवॉर्ड हे चार अपवाद मात्र पाठच करून घ्या. ती बाहेरून आलेली असूनही माणूस आधी घेतात: ‘दे ऑफर्ड हर अ जॉब.’

प्रोव्हाइडची चाल आणखी वेगळी. माणूस आधी आला तर वस्तूपुढे ‘विथ’ लागतो: ‘प्लीज प्रोव्हाइड अस विथ द डीटेल्स’. वस्तू आधी आली तर ‘टू’ किंवा ‘फॉर’. सप्लाय आणि प्रेझेंट यांचंही तसंच. आपल्या शहरातलंच उदाहरण देता येईल: बडोदा संस्थानाने 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर मोफत आणि सक्तीचं केलं. ते इंग्रजीत ‘द स्टेट प्रोव्हायडेड चिल्ड्रन विथ फ्री प्रायमरी एज्युकेशन’ असं येईल. इथे ‘गेव्ह’ घातलं तर व्याकरण बिघडत नाही, पण कायम सोय करून ठेवली हा अर्थ प्रोव्हाइडमध्ये जास्त नेमका येतो.

---

अनुवाद_अलकापुरी

वरचं सगळं मान्य. त्यात एक भर हवी, नाहीतर ‘टू लावून उलटा करा’ हा नियम भलतीकडे वापरला जाईल.

‘गिव्ह’चे दोन उपयोग आहेत. एकात वस्तू खरोखर या हातातून त्या हातात जाते. दुसऱ्यात काहीच हलत नाही. ‘गिव्ह’ नुसता आधाराला असतो आणि खरी क्रिया पुढच्या नामात असते. ‘गिव्ह द डोअर अ पुश’ म्हणजे दार ढकल. ‘गिव्ह द कार अ वॉश’ म्हणजे गाडी धू. ‘गिव्ह इट अ ट्राय’ म्हणजे करून बघ. या दुसऱ्या प्रकारात रचना उलटवू नये. ‘धिस नॉइज गिव्हज मी अ हेडेक’ बरोबर; ‘गिव्हज अ हेडेक टू मी’ कोणी म्हणत नाही. वर्गात दाखवायला उत्तम जोडी म्हणजे ‘गिव्ह मी अ रिंग’ आणि ‘गिव्ह अ रिंग टू मी’. पहिल्याचा अर्थ ब्रिटिश बोलण्यात ‘मला फोन कर’ असा होतो. दुसऱ्यात तुम्ही अंगठी मागता.

आता ‘राइट अँड गिव्ह’. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मराठी ‘देणे’ हे देणंच नसतं. ‘अर्ज लिहून दे’, ‘नळ दुरुस्त करून दे’, ‘पिशवी उचलून दे’ या वाक्यांतला ‘दे’ एवढंच सांगतो की काम दुसऱ्यासाठी आहे. इंग्रजीत त्या जागी ‘फॉर मी’ येतं: ‘राइट द ॲप्लिकेशन फॉर मी’, ‘फिक्स द टॅप फॉर मी’. ‘आणून दे’ला ‘गेट मी’ किंवा ‘ब्रिंग मी’. ‘गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर’ उलटवलं की ‘टू’ येत नाही, ‘फॉर’ येतो: ‘गेट अ ग्लास ऑफ वॉटर फॉर मी’. बाय, मेक, कुक, फाइंड हेही ‘फॉर’वाले. ओळखायची खूण अशी: वस्तू आधीच देणाऱ्याजवळ असेल आणि फक्त पोचवायची असेल तर ‘टू’, आधी ती मिळवावी, विकत घ्यावी किंवा बनवावी लागणार असेल तर ‘फॉर’.

‘-ऊ देणे’ हा तिसराच प्रकार. ‘मला बोलू दे’, ‘पोरांना खेळू दे’ यांत परवानगी आहे, म्हणून ‘लेट’: ‘लेट मी स्पीक’, ‘लेट द चिल्ड्रन प्ले’. लेटनंतर ‘टू’ नको. अलाउ वापरलं तर मात्र ‘टू’ हवा: ‘अलाउ मी टू स्पीक’. या दोघांची सरमिसळ फार होते. आणि ‘देऊन टाक’ म्हणजे ‘गिव्ह इट अवे’. आपल्या ‘टाक’मधली मोकळं होण्याची छटा ‘अवे’त बरीचशी येते.

राहिली ‘अमुक देणे’ अशी नामाची जोडी. मराठीत असंख्य नामांना ‘देणे’ चिकटतं; इंग्रजीत कुठलं क्रियापद येणार ते पुढचं नाम ठरवतं. म्हणून ती जोडीनेच शिकवा. लक्ष देणे: ‘पे अटेंशन टू’. एखाद्या जागेला भेट देणे: नुसतं ‘व्हिजिट’, पुढे ‘टू’ नाही. प्रश्नाचं उत्तर देणे: ‘आन्सर द क्वेश्चन’, इथेही ‘टू’ नाही, पण रिप्लाय घेतलं तर ‘रिप्लाय टू’. दोष देणे: ‘ब्लेम’. राजीनामा देणे: ‘रिझाइन’. अर्ज देणे: ‘सबमिट’ किंवा ‘हँड इन’. नकार देणे: ‘रिफ्यूज’. त्रास देणे: ‘ट्रबल’ किंवा ‘बॉदर’. पहारा देणे: ‘कीप वॉच’. ‘फोन तिला दे’ हे फोनवर बोलत असताना ‘कॅन यू पुट हर ऑन?’ असं होतं. आपल्याकडे हिंदीमुळे ‘आवाज दे’ म्हणतात. ते ‘कॉल आउट टू हिम’.

काही ठिकाणी ‘गिव्ह’ अगदी बरोबर असतो, तिथे उगाच घाबरवू नका: इंजेक्शन देणे, भाषण देणे, परवानगी देणे, वेळ देणे. सल्ला आणि माहितीलाही ‘गिव्ह’ चालतो, फक्त ‘ॲन ॲडव्हाइस’ किंवा ‘इन्फर्मेशन्स’ नको. ही नामं मोजता येत नाहीत. ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ किंवा ‘सम ॲडव्हाइस’ म्हणावं.

---

शिकवणी_दांडियाबाजार

दोघांचेही खूप आभार. ‘टू’ आणि ‘फॉर’ची खूण उद्याच फळ्यावर जाईल. फ्लॅट आणि परीक्षा ही दोन वाक्यं राहिली. शिवाय लेंड-बॉरो आणि डोनेट-गिफ्ट यांतही गोंधळ आहे. वर्गातल्या दोन-तीन जणांना कागदपत्रंही वाचावी लागतात.

---

बँकव्यवहार_मांडवी

पैशाच्या आणि कागदाच्या बाजूने लिहिते.

लेंड म्हणजे परत घ्यायच्या बोलीवर देणं, बॉरो म्हणजे परत द्यायच्या बोलीवर घेणं. मराठीत दोन्हीकडे ‘उसने’ हाच शब्द असतो आणि देणे-घेणेवरून दिशा कळते. इंग्रजीत क्रियापदच बदलतं. म्हणून ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन?’ अशी चूक होते. मागताना कर्ता ‘यू’ असेल तर लेंड: ‘कॅन यू लेंड मी युअर पेन?’ कर्ता ‘आय’ असेल तर बॉरो: ‘कॅन आय बॉरो युअर पेन?’ बॉरोनंतर ज्याच्याकडून घेतलं त्याच्यापुढे ‘फ्रॉम’. भूतकाळ ‘लेंट’ आहे, ‘लेंडेड’ नाही. कर्जाबद्दल बोलताना ‘बँक गेव्ह मी लोन’ ऐकलं की अर्थ कळतो, पण ‘द बँक लेंट मी फाइव्ह लाख’ किंवा ‘आय गॉट अ लोन फ्रॉम द बँक’ हे नीट. लोन हे क्रियापद म्हणूनही येतं, अमेरिकेत जास्त, आणि तिथेही पैसे किंवा वस्तूपुरतं. वेळ, मदत, नाव यांना लेंडच: ‘लेंड अ हँड’.

फ्लॅट भाड्याने देणे: ‘रेंट आउट’. ब्रिटनमध्ये ‘लेट’ किंवा ‘लेट आउट’. हा लेट परवानगीवाल्या लेटसारखाच लिहितात, पण पुढे घर आलं की अर्थ भाड्याचा. ‘गिव्हन ऑन रेंट’ इथे सगळे समजतात, दलालांच्या जाहिरातींतही दिसतं. बाहेरच्या माणसाला थबकायला होतं. भाडेकरू मात्र ‘रेंट’ करतो, तिथे ‘आउट’ नाही. मालक आणि भाडेकरू यांत फरक तेवढ्या एका शब्दाचा.

डोनेट फक्त संस्थेला, कार्याला किंवा रक्त-अवयवांसारख्या गोष्टींबाबत. भावाला पैसे दिले तर ‘गेव्ह’, परत घ्यायचे असतील तर ‘लेंट’. गणेशोत्सवाच्या वर्गणीला काँट्रिब्यूट जास्त बसतं, कारण सगळे मिळून एका कामात भर घालतात: ‘वी काँट्रिब्यूटेड फाइव्ह हंड्रेड रुपीज टू द फंड’. देवाला फुलं वाहणे आणि नैवेद्य दाखवणे या दोन्हींना ऑफर. हे ध्यानात आलं की ऑफरचा खरा अर्थही पक्का होतो: पुढे केलं, समोरच्याने घेतलं की नाही ते त्यात येत नाही. ‘शी ऑफर्ड मी टी’ म्हटल्यावर तुम्ही चहा प्यायलात असं सिद्ध होत नाही.

गिफ्ट हे क्रियापद म्हणून जुनंच आहे, आणि भारतात ‘ही गिफ्टेड मी अ वॉच’ सर्रास म्हणतात. ब्रिटन-अमेरिकेत रोजच्या बोलण्यात ‘ही गेव्ह मी अ वॉच’ हेच जास्त सहज. कायद्याच्या कागदात मात्र गिफ्ट हा पक्का शब्द आहे. बक्षीसपत्राला ‘गिफ्ट डीड’ म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 122 मध्ये गिफ्टची व्याख्या आहे: मोबदला न घेता, स्वखुशीने केलेलं हस्तांतरण, आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेलं असलं पाहिजे. देणारा ‘डोनर’, घेणारा ‘डोनी’. इथला डोनर म्हणजे देणगीदार नव्हे, हे वर्गाला जरूर सांगा. स्थावर मालमत्ता असेल तर कलम 123 प्रमाणे नोंदणी लागते आणि किमान दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्राने देण्याला कागदात ‘बिक्वीथ’ येईल, बोलण्यात ‘लीव्ह’: ‘शी लेफ्ट द हाउस टू हर डॉटर’.

ग्रँट आणि अवॉर्ड यांत अधिकार असलेला वरून देतो. कोर्ट जामीन ‘ग्रँट’ करतं, सरकार परवाना ‘ग्रँट’ करतं. अवॉर्डमध्ये पात्रता पाहून निवड होते, म्हणून शिष्यवृत्तीला अवॉर्ड. 1913 मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तिथे ‘ही वॉज अवॉर्डेड अ स्कॉलरशिप बाय द स्टेट ऑफ बरोडा’ असं लिहावं. कर्मणी प्रयोगात माणूस कर्त्याच्या जागी येतो हेही यात दिसतं. मराठीत आपण ‘त्यांना शिष्यवृत्ती मिळाली’ म्हणून मोकळे होतो, म्हणून ‘आय वॉज गिव्हन टू डेज’ अशी वाक्यं आपल्या तोंडात लवकर येत नाहीत. मुद्दाम सराव करून घ्या.

---

आयईएलटीएस_मार्गदर्शन

परीक्षेबद्दल. ‘परीक्षा देणे’ हे मराठी, हिंदी आणि गुजराती तिन्हींत आहे, त्यामुळे वडोदऱ्यात ‘आय गेव्ह माय आयईएलटीएस लास्ट मंथ’ हे रोज ऐकू येतं. बाहेरच्या ऐकणाऱ्याला ‘गिव्ह ॲन एक्झॅम’ म्हणजे परीक्षा घेणं वाटू शकतं, कारण तिकडे शिक्षक ‘गिव्ह’ करतो आणि विद्यार्थी ‘टेक’ करतो. आपल्यापेक्षा नेमकं उलटं. म्हणून ‘टेक’ शिकवा. ब्रिटनमध्ये ‘सिट’ही म्हणतात. मुलाखतीचंही तेच. ‘गिव्ह ॲन इंटरव्ह्यू’ म्हणजे वार्ताहराला मुलाखत देणं. नोकरीसाठी असेल तर ‘आय हॅड ॲन इंटरव्ह्यू’ किंवा ‘आय वेंट फॉर ॲन इंटरव्ह्यू’.

---

व्याकरणवेडा_रावपुरा

इथे थोडं वेगळं मत नोंदवतो. ‘गिव्ह ॲन एक्झॅम’ला सरसकट चूक म्हणू नये. भारतात कोट्यवधी लोक तसं बोलतात आणि एकमेकांना नीट समजतात. ते भारतीय इंग्रजी आहे. ‘एक्स्प्लेन मी’ त्याच पंक्तीला बसवू नका. तिथे वाक्याची रचना मोडते, इथे फक्त जोडी वेगळी आहे. वर्गात दोन वेगळ्या खुणा ठेवाव्यात: दुरुस्तच करायचं ते, आणि माणूस पाहून बदलायचं ते.

---

आयईएलटीएस_मार्गदर्शन

दोन खुणांची कल्पना पटली. पण परदेशी जाणाऱ्यांना ‘टेक’ची सवय आधीपासूनच लावावी असं माझं ठाम मत आहे. घाईत बोलताना माणूस पाहून बदलायला वेळ मिळत नाही, सवयीचंच तोंडातून येतं.

---

अनुवाद_अलकापुरी

एक गोष्ट राहिली, ती गृहिणींना आणि दुकानातल्या मुलांना रोज लागेल. मराठीत ‘दे’ आणि ‘द्या’ यांत आदर क्रियापदातच असतो. अनोळखी माणसाला ‘जरा ते द्या’ म्हटलं की पुरेसं सभ्य होतं. ‘गिव्ह’ला ‘द्या’सारखं रूप नाही. नुसतं ‘गिव्ह मी द बिल’ हे ‘बिल दे’सारखं ऐकू येतं, आणि मागे प्लीज लावूनही ते पूर्ण मऊ होत नाही. आदर वाक्याच्या सुरुवातीला घालावा लागतो: ‘कुड यू गिव्ह मी...’, ‘कुड आय हॅव द बिल, प्लीज?’ दुकानात, हॉटेलात मागताना ‘हॅव’ सगळ्यात सोयीचं. जेवताना हातासरशी मीठ हवं असेल तर ‘पास’: ‘कुड यू पास द सॉल्ट?’ घरातल्या माणसाशी ‘गिव्ह मी’ खुशाल चालतं.

उच्चारही सांगा. ‘गिव्ह’ ऱ्हस्व आहे. शेवटी ‘ई’ अक्षर दिसतं म्हणून काही जण ‘फाइव्ह’, ‘ड्राइव्ह’च्या चालीवर जातात किंवा ‘गीव्ह’ असं लांबवतात. ते ‘ई’ फक्त यासाठी आहे की इंग्रजी लिखाणात शब्द ‘व्ही’ अक्षरावर संपवायची पद्धत नाही. ‘हॅव’ आणि ‘लिव्ह’चंही तेच. ‘गेव्ह’ मात्र दीर्घ. या दोघांतला फरक ऐकू आला नाही तर काळच कळत नाही.

आणि ‘गिव्ह’ला जोडून येणारे अप, इन, आउट, ऑफ. सगळे एकदम देऊ नका. ‘गिव्ह अप’नंतर क्रियापद आलं तर ‘-इंग’: ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’, ‘टू स्मोक’ नाही. ‘गिव्ह इन’ म्हणजे शेवटी दुसऱ्याचं ऐकणं. ‘गिव्ह आउट’ म्हणजे वाटणं; प्रसाद वाटताना ‘गिव्ह आउट’ किंवा ‘हँड आउट’. ‘गिव्ह ऑफ’ वास, धूर, उष्णता यांच्यासाठी. ‘इट’ किंवा ‘देम’ आलं की मध्ये बसतं: ‘गिव्ह इट बॅक’, ‘गिव्ह देम आउट’. ‘गिव्ह बॅक इट’ कधीच नाही.

---

शिकवणी_दांडियाबाजार

यावरून सराव कसा घ्यावा? एका तासात किती झेपेल?

---

व्याकरणवेडा_रावपुरा

पहिल्या तासाला फक्त गिव्ह, लेंड, सेंड आणि शो घ्या. टेबलावर किल्ली, पेन, वही आणि पिशवी ठेवा. एकाने मागायचं, दुसऱ्याने देताना वाक्य म्हणायचं, तिसऱ्याने तेच वाक्य ‘टू’ लावून उलटवायचं. मग वस्तूचं नाव काढून ‘इट’ घालायचं. इथे चुका बाहेर येतात, म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. दुसऱ्या तासाला एक्स्प्लेन, सजेस्ट, डोनेट आणि रिटर्न घ्या आणि त्यांच्याबरोबर गिव्हची वाक्यं मुद्दाम मिसळा. नुसती नवी क्रियापदं दिली तर सगळे यांत्रिकपणे ‘टू’ लावतात आणि मग ‘गिव्ह टू मी’ पुन्हा सुरू होतं. ‘लिहून दे’, ‘जाऊ दे’वाला भाग तिसऱ्या तासाला. तिथे मराठी वाक्य तोंडी द्या आणि इंग्रजी म्हणण्याआधी त्यांनी फक्त ‘फॉर मी’, ‘लेट’ किंवा ‘गिव्ह’ यांतला एक पर्याय सांगायचा. निवड पटपट होऊ लागली की मग पूर्ण वाक्य.